फिरंग आणि पाणी : मराठी तलवारीची पारख

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तरद्वारावर, तुळईच्या आतील अंगास, एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२ (इ. स. १०६०) हे वर्ष आणि शिलाहार राजा मामवाणी याचे नाव येते. या एका लेखामुळे मंदिराचा काल ठरविण्याचे काम पुष्कळच सोपे झाले. दगडाला असे भाग्य लाभते. लोखंडाला ते क्वचितच लाभते. मंदिराच्या बाह्यांगावरील देवदेवतांच्या हाती जी आयुधे दिसतात, ती ज्या खऱ्या लोखंडी आयुधांवरून शिल्पकाराने घडविली ती कोकणच्या दमट हवेत केव्हाच गंजून माती झाली. शिल्पावरून आयुधाचा आकार कळतो, ते कसे धरीत हेही कळते. परंतु पाते कोणत्या पोलादाचे होते, ते कोणी घडविले आणि जाणकार त्यास कोणत्या प्रतीचे मानीत, हे दगड सांगू शकत नाही.

पुढील सहासातशे वर्षांतील तलवारी मात्र प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, राजघराण्यांच्या देवघरांत आणि परदेशी संग्रहांतही त्या आहेत. असे असूनही त्यांच्याविषयीचा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो : ही तलवार अमुक पुरुषाची होती किंवा नव्हती? तलवार चांगली की सामान्य आणि तिचे चांगलेपण कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न मागे पडतो. जपानात या दुसऱ्या प्रश्नाचे एक स्वतंत्र शास्त्र झाले. मराठीत तसा ग्रंथ नाही. पण पारख नव्हती असे यावरून म्हणता येत नाही. ती शब्दांत राहिली, आणि शब्दांतूनच ती काढून घ्यावी लागते.

भारतात खड्गाच्या लक्षणांचे जुने शास्त्र होते, याची साक्ष सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मिळते. पन्नास अंगुळांचे खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ, असे तेथे माप दिले आहे. पात्यावर कितव्या अंगुळावर व्रण असता कोणते फळ मिळते, याची लांबलचक यादी आहे. ही यादी आज कोणाच्या उपयोगाची नाही. मात्र त्याच प्रकरणात राजाने पाळावयाचे काही निर्बंध सांगितले आहेत, ते लक्षणीय आहेत. खड्ग विनाकारण म्यानाबाहेर काढू नये, त्यात स्वतःचे मुख पाहू नये, त्याचे मूल्य सांगू नये आणि ते कोणत्या देशाचे आहे हेही सांगू नये. मध्ययुगीन मराठीने यातील शेवटचा निर्बंध पार उलटा केला. तिने आपल्या सर्वांत प्रतिष्ठित तलवारीचे नावच तिच्या देशावरून ठेवले.

ते नाव म्हणजे फिरंग. फारसी ‘फरंग’ हा शब्द फ्रँक लोकांच्या नावावरून आला आणि पुढे तो सर्व युरोपास लागू झाला. मराठीत या एका मुळापासून शब्दांचे एक लहानसे कुटुंबच वाढले. माणूस तो फिरंगी आणि त्याच्या ताब्यातील मुलूख तो फिरंगाण. अंबरनाथवरून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते आणि त्या नदीची खाडी वसईस समुद्राला भेटते. ज्या वसई प्रांतावर पोर्तुगिजांचा अंमल इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत होता, त्यास मराठी कागदपत्रांत फिरंगाण हेच नाव आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात फिरंगरोगही आढळतो. कुटुंबात सगळेच सदस्य कीर्तिमान निघत नाहीत. तलवार मात्र निघाली. पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोवा, चौल, वसई यांसारख्या बंदरांतून, तसेच इतर व्यापारी मार्गांनीही, जर्मनीतील झोलिंगेन व इटली, स्पेन येथील पाती दख्खनेत येत, आणि त्यांस देशी मूठ बसविली जाई.

येथे शब्दाच्या रूपाकडे लक्ष देणे अवश्य आहे. इंग्रजी सूच्यांतून आणि त्यांच्या अनुकरणाने मराठी पाट्यांवरूनही या तलवारीस ‘फिरंगी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. फिरंगी हे विशेषण होय. नाम म्हणून ते माणसास लागते. तलवारीचे नाव फिरंग, आणि ते स्त्रीलिंगी. हा भेद केवळ वैयाकरणांच्या हौसेचा नाही, याचा पुरावा अलीकडेच महाराष्ट्रात परत आला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील पहिले रघुजी भोसले (मृत्यू १७५५) यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावसंस्थेत विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये देऊन घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. वराहमिहिराने सांगू नये म्हटलेले मूल्य सर्व वृत्तपत्रांनी छापले. लेख मात्र थोडक्यांनीच नीट वाचला. तो पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत असून ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असा आहे. धन्याचे नाव, त्यास छत्रपतींकडून मिळालेला किताब आणि शेवटी वस्तूचे स्वतःचे नाव, असा त्याचा क्रम आहे. वस्तू आपणच आपले नाव सांगते, अशी उदाहरणे शस्त्रांच्या अभ्यासकास वारंवार मिळत नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, खुद्द सेनासाहेब सुभ्याच्या शस्त्रावर, ‘फिरंग’ हे रूप नाम म्हणून कोरले गेले, हे या लेखाने निश्चित झाले.

याच तलवारीविषयी दुसरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले आहे. मूठ सोन्याचे नक्षीकाम केलेली असून तिच्या घाटास ‘मुल्हेरी’ असे म्हणतात. मुल्हेर हा बागलाणातील किल्ला, आज नाशिक जिल्ह्यात मोडतो. म्हणजे एकाच शस्त्राच्या दोन अंगांस दोन गावांची नावे मिळाली. पात्याचे नाव सातासमुद्रांपलीकडील मुलखाचे, मुठीचे नाव सह्याद्रीच्या उत्तर टोकाजवळील गावाचे. तलवार अशी दोन ठिकाणी जन्मते, हे मराठी बोलणाऱ्यास ठाऊक होते. त्यात त्यास काही कमीपणाही वाटत नव्हता. तो कमीपणा पुढील काळात, राष्ट्राभिमानाच्या विपरीत आकलनातून, वाटू लागला. एखाद्या पूज्य तलवारीचे पाते परदेशी असल्याचे सांगताच आज जी अस्वस्थता निर्माण होते, तिचा मागमूसही रघुजींच्या तलवारीवरील लेखात नाही. सोने खर्चून त्यांनी ‘फिरंग’ असे लिहविले ते मिरविण्यासाठीच.

अर्थात शब्दाचा प्रवास एवढ्यावर थांबत नाही. देशावरून पडलेले नाव हळूहळू प्रकारावर स्थिरावते, ही भाषेची नेहमीची रीत आहे. खडीसाखरेस मिसरी म्हणणारा मनुष्य ती मिसर देशाहून आली असे समजत नाही. चिनी मातीची बरणी कोठेही भाजलेली असू शकते. त्याचप्रमाणे लांब, सरळ, लवचीक पात्याच्या तलवारीस, ते पाते दख्खनेतच घडलेले असले तरी, फिरंग म्हणू लागले. देशी लोहारांनी तसली पाती घडविली आणि त्यांवर युरोपीय छापही उठविले. दोन दातेरी चंद्रकोरी समोरासमोर असलेला छाप मुळात जिनोआशी जोडला जातो. तो इतरत्र युरोपात उचलला गेला, काकेशसात उचलला गेला आणि हिंदुस्थानातही उचलला गेला. धावत्या लांडग्याचा छाप पासाऊ येथील कारागिरांचा. झोलिंगेनच्या कारागिरांनी तो निःसंकोचपणे आपलासा केला. म्हणून पात्यावरील छाप ही घराणेशाहीची खूण मानणे धोक्याचे असते. पुष्कळदा ती केवळ ‘हे पाते चांगले आहे’ एवढेच सांगते.

ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात साताऱ्याच्या राजवाड्यातील भवानी तलवारीचे पाते उत्तम प्रतीचे जिनोआचे असल्याचे नमूद केले आहे. हे विधान आजवर अनेकांनी पुरावा म्हणून पुढे केले आणि अनेकांनी खोडून काढले. दोन्ही पक्षांनी ‘जिनोआ’ हा शब्द भूगोलातला मानला. डफच्या काळी तो बऱ्याच अंशी प्रतवारीचा शब्द होता. त्याचा उपयोग ‘फिरंग’ या शब्दाच्या उपयोगाहून फारसा वेगळा नव्हता. कोल्हापूरची जी तलवार १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थानभेटीच्या वेळी अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून नजर केली गेली आणि आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे, तिचे पातेही सतराव्या शतकातील युरोपीय आहे. त्यावर येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे ठसविलेली आहेत. महाराष्ट्रात तिला ‘जगदंबा’ म्हणतात. जगदंबेच्या नावाने पुजल्या गेलेल्या पात्यावरील ती अक्षरे घासून काढावीत असे कोणास वाटले नाही, ही गोष्ट सतराव्या-अठराव्या शतकातील मनोवृत्तीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. १९८० नंतर मुख्यमंत्री अंतुले यांनी लंडनहून तलवार परत आणण्याचा विषय काढला आणि तेव्हापासून साताऱ्याची खरी की लंडनची, हा वाद राजकारणात रुजला.

या वादात साताऱ्याच्या तलवारीवरील अक्षरांचा वारंवार उल्लेख होतो, पण वाचन एकाच अंगाने होते. त्या लेखात शाहू राजाचे नाव आहे आणि त्यापुढे ‘कदीम अव्वल’ हे दोन शब्द आहेत. शाहूंचे नाव आहे, सबब तलवार शिवाजी महाराजांची नव्हे, असा एक निष्कर्ष काढला जातो. तो लेखाच्या स्वरूपाकडे दुर्लक्ष करणारा आहे. ‘कदीम’ म्हणजे जुने, पूर्वापार. ‘अव्वल’ म्हणजे पहिले, पहिल्या प्रतीचे. दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठी दफ्तरात रुळलेले. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना हा एक होता. तेथे शस्त्रे येत, नोंदली जात, दुरुस्त होत आणि कामगिरीनुसार बाहेर जात. ‘कदीम अव्वल’ हा अशा नोंदीचा शेरा म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक होय. शाहूंच्या शिलेखान्यात ही वस्तू ‘जुनी’ आणि ‘अव्वल’ या सदरात होती, एवढेच तो सांगतो. ती कोणाच्या हातून तेथे आली याविषयी तो मौन पाळतो. होकार देत नाही, नकारही देत नाही. परंतु एक मोठी गोष्ट तो देऊन जातो. मराठी दरबारात तलवारींची प्रतवारी करणारे जाणते होते आणि त्यांची दोन शब्दांची परिभाषा होती.

याच सुमारास जपानात काय चालले होते हे पाहिले म्हणजे या दोन शब्दांचे वजन कळते. क्योटोचे होनआमी घराणे पिढ्यानपिढ्या तलवारींस झिलई देण्याचे व त्यांची पारख करण्याचे काम करीत असे. पारख झाली की ते घडी घातलेल्या कागदावर अभिप्राय लिहून देत. अशा कागदास ‘ओरिगामी’ म्हणत. कागदी पक्ष्यांच्या खेळास हे नाव मिळाले ते नंतर. क्योहो काळात (१७१६–१७३६) शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून याच घराण्याने देशातील नामांकित तलवारींची यादी तयार केली. रघुजी भोसले बंगालवर स्वारी करण्यापूर्वी काही वर्षे हे काम झाले. तेथे पारखीस कागद मिळाला. येथे पात्यावरचा शेरा आणि तोंडी परंपरा यांवर भागले.

या फरकाचे एक कारण अगदी साधे, कारागिरीतले आहे. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसविलेली असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि आतील दांडा उघडा होतो. त्या दांड्यावर, म्हणजे ‘नाकागो’वर, घडविणारा आपले नाव, कधी गावाचे नाव व वर्ष कोरतो. दांड्यावरचा गंज मुद्दाम घासत नाहीत, कारण त्याच्या रंगावरून वय कळते. दख्खनी तलवारीची रचना निराळी. तिच्या पोकळ मुठीत राळ किंवा लाखेचे मिश्रण तापवून ओततात आणि आखूड दांडा त्यात रोवतात. फिरंगेसारख्या मोठ्या तलवारीस मुठीच्या पट्ट्या पात्यावर रिबिटांनी जखडतात. बसवणूक पक्की होते, तुटलेले पाते बदलताही येते, पण दांडा पाहण्याची सोय राहत नाही. जे पाहावयाचेच नाही त्यावर कोण नाव कोरणार? त्यामुळे जपानी पारखी दांड्यापासून आरंभ करतो, आणि मराठी पारखी पात्याच्या अंगापासून. पाते वाकवून पाहणे, सोडल्यावर ते सरळ येते की नाही हे पाहणे, नखाने वाजवून नाद ऐकणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे पाणी पाहणे.

‘पाणी’ या शब्दात मराठी तलवारीची सारी मीमांसा साठलेली आहे. लोहार तापलेल्या पात्यास पाणी देतो किंवा पाजतो. पाते ते पिते. ही कल्पना फार जुनी आहे. बृहत्संहितेत यास शस्त्रपान म्हटले असून लक्ष्मीची इच्छा करणाऱ्याने शस्त्रास रक्त पाजावे, गुणी पुत्र हवा असल्यास तूप आणि अक्षय धन हवे असल्यास पाणी पाजावे, असे विधान आहे. फलश्रुती बाजूस ठेवली तरी निरनिराळ्या द्रवांत पाते निरनिराळ्या वेगाने थंड होते आणि त्यानुसार त्याचा कठीणपणा बदलतो, हे निरीक्षण त्यामागे असावे. पाण्यात ते झपाट्याने थंड होते. तुपात त्याहून सावकाश. पाजलेल्या पात्यावर जी झाक येते तीही पाणीच, आणि ते पाते धरणाऱ्या पुरुषाच्या अंगी जो कणखरपणा असतो तोही पाणीच. ‘पाणीदार’ हा शब्द तलवारीस, मोत्यास, घोड्यास आणि माणसास सारखाच लागतो. फारसीतही ‘आब’ हा शब्द पाणी व तेज अशा दोन्ही अर्थी आहे, आणि मराठीने ‘आबदार’ घेतला; पण ‘पाणी पाजणे’ ही क्रियापदाची धाटणी घरचीच दिसते. क्रिया, गुण आणि चारित्र्य या तिन्हींस एकच शब्द पुरतो, ही लोहारशाळेची भाषा बोलीत किती खोल उतरली होती याची खूण आहे.

जपानी परिभाषा याच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. तेथील लोहार पात्यावर मातीचा लेप देतो. धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. मग ते तापवून पाण्यात बुडवितो. पातळ लेपाखालील धार चटकन थंड होऊन कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी एक रेषा उमटते. तिला ‘हामोन’ म्हणतात. पोलादाच्या घड्या घालून ठोकल्यामुळे अंगावर जी लाकडाच्या रेघांसारखी वीण दिसते ती ‘हादा’. मराठीने परिणामाच्या प्रत्येक अंगास असे वेगळे नाव दिले नाही. ‘पाणी’ या एकाच शब्दावर सारा भार टाकला. त्यामुळे मराठी शब्द काव्यास सोयीचा झाला, सूचीस गैरसोयीचा.

देशी पोलादाच्या अंगावरील लहरींसाठी मात्र एक वेगळा शब्द होता, ‘जौहर’, म्हणजे रत्न किंवा सत्त्व. मुशीत वितळवून केलेल्या, कार्बनाचे प्रमाण अधिक असलेल्या दक्षिणी पोलादात या लहरी आपोआप उमटत. तेलंगणातील कोनसमुद्रम येथे हे पोलाद होत असे आणि ते नेण्यास इराणी व्यापारी येत, हे हेन्री व्हॉयसीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले. त्यापूर्वी, १७९४ मध्ये, मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला आणि ‘वूट्झ’ हा शब्द इंग्रजीत आला. तो कन्नड ‘उक्कु’चा अपभ्रंश असावा, हे मत आज सामान्यतः मान्य आहे. म्हणजे ज्या काळात युरोपीय पात्यास दख्खनेत फिरंग म्हणून मान होता, त्याच काळाच्या शेवटी दख्खनी पोलाद युरोपच्या रसायनशाळेत कोडे म्हणून पोहोचले. मग देशी पोलाद एवढे उत्तम असता परदेशी पात्याची हौस का, असे विचारले जाते. उत्तर उपयोगात आहे. मुशीतील पोलाद धारेस अतिशय तीक्ष्ण, पण लांब व सपाट पात्यात ते प्रसंगी कडकन मोडते. युरोपीय पाते वाकून परत येते. घोड्यावरून लांबवर वार करणाऱ्यास आणि पट्टा फिरविणाऱ्यास हा लवचीकपणाच हवा होता. धोप ही लांब, सरळ तलवारही याच गरजेतून आलेली. विल्यम अर्विनने १९०३ च्या आपल्या ग्रंथात ती मोगल सैन्यात दख्खनेतून आल्याचे नोंदविले आहे. शस्त्राबरोबर शब्दही उत्तरेस गेला.

हे सर्व ज्यांच्या हातांत होते त्या वर्गाचे काय झाले, हे पाहणे भाग आहे. पात्यास झिलई देणारा तो शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यास फारसी ‘गर’ प्रत्यय लागला. होनआमी हेही मुळात झिलई देणारेच. जपानात मार्च १८७६ च्या हुकुमाने सर्वसामान्य सामुराईस तलवार बाळगण्यास बंदी झाली. हिंदुस्थानात १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. आघात जवळजवळ एकाच वेळचा, परिणाम निरनिराळे. जपानात, आणि १९४५ च्या पराभवानंतर तर अधिकच नेटाने, तलवार ही कलावस्तू ठरविली गेली. १९४८ मध्ये तिच्या जतनासाठी संस्था निघाली, १९७७ मध्ये जुन्या पद्धतीच्या भट्टीत पोलाद गाळणे पुन्हा सुरू झाले, आणि झिलई देणाऱ्याचा धंदा टिकला. महाराष्ट्रातील शिकलगार सहाण घेऊन दारोदार सुऱ्या, कात्र्या व विळ्यांना धार लावू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. तो योग्यच झाला. पट्ट्याचे पाते पाजणारा, घासणारा आणि त्याचे पाणी ओळखणारा या तिघांचे शब्द मात्र अद्याप कोणी नीट गोळा केलेले नाहीत. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात कोशासाठी शब्द वेचले तेव्हा शिलेखान्यात वावरलेली माणसे हयात होती. आज असे शब्द मिळाले तर ते विळीला धार लावणाऱ्याच्या तोंडी मिळतील. तेथे तलवारीसाठी घडलेला शब्द विळीस लावलेला असेल, आणि तो त्या दृष्टीने ऐकावा लागेल.